परत आलेली पुडी

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस विचारतो, "आपण कुठं होतात?" मी म्हणतो, "आरोग्य खात्यात." तेवढ्यावर भागलं तर बरं असतं. पण पुढचा प्रश्न "म्हणजे डॉक्टर का?" असा आला की खरं सांगावं लागतं, की मी मलेरियावाला. मग त्या माणसाचा चेहरा एकदम मोकळा होतो. डॉक्टरला दुखणं सांगायला लोक बिचकतात, पण मलेरियावाल्याला गल्लीतली तुंबलेली नाली सांगायला कुणी बिचकत नाही. वाढपी बुंदी घेऊन दोनदा निघून जातो आणि मी कुणाच्या तरी नगरसेवकानं काय काय केलं नाही ते ऐकत बसलेला असतो. बायको बायकांच्या पंगतीतून हे सगळं बघते आणि घरी आल्यावर म्हणते, निवृत्त झालात, पण नाली काही सुटली नाही.

मी मूळचा लोह्याचा. नोकरीची पहिली वर्षं लोहा तालुक्यातच गेली, मधली लातूर शहरात आणि शेवटची देवणीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून. काम सगळीकडं एकच. खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुया, स्पिरिटचा कापूस, गोळ्या आणि एक लांब दांड्याची पळी. घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं. असेल तर बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि तपासायला पाठवायचा. मग पळीनं त्या घरातल्या साठवलेल्या पाण्यात डासाच्या अळ्या शोधायच्या. लहान पोरं मला मलेरियामामा म्हणायची आणि मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की बोटं मुठीत लपवून पळत सुटायची. एवढा वचक गावच्या पोलीस पाटलाचाही नव्हता.

या कामात मला खरी धास्ती वाटायची ती एकाच गोष्टीची, गरोदर बाईच्या तापाची. डासाला गरोदर बाई इतरांपेक्षा लवकर सापडते. पोटात जीव वाढत असला की श्वास जोराचा चालतो, अंगही थोडं गरम राहतं, आणि डास श्वासाच्या आणि उबेच्या मागावरच येत असतो. त्यात आमच्याकडच्या पोरींच्या अंगात मुळात रक्त कमी. मलेरियाचा जंतू जगतो रक्तावर, आणि गरोदरपणी तो वारेत ठाण मांडतो, म्हणजे बाळाला जिथून पोषण मिळतं नेमकं तिथं. पहिलटकरणीला जास्तच त्रास. कधी मूल पडतं, कधी अपुऱ्या दिवसांचं होतं, कधी हलक्या वजनाचं. डेंग्यू असला आणि कुणी मेडिकलमधून अंगदुखीची भलती गोळी आणून दिली तर रक्तस्रावाची भीती. हे सगळं मी नोकरीभर सांगत आलो. लोक ऐकायचेही. ऐकल्यावर करायचं काय, तिथं गाडं अडायचं.

लातूरचंच घ्या. आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवा, हा आमचा मंत्र. याला म्हणायचं कोरडा दिवस. आता ज्या शहरात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथं पाणी ओतून द्या म्हणून सांगणं म्हणजे मार खाण्याचीच तयारी. डाळमिलच्या बाजूच्या एका गल्लीत एका काकूंनी माझं सगळं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोरडा दिवस आमच्या नळाला सांगा. त्यो रोजच पाळतोय." त्यांच्या मागच्या खोलीत पाण्याचे पिंप भिंतीला लावून ओळीनं उभे होते आणि त्या पिंपांच्या मधोमध, तिथं गारवा असतो म्हणून, आठव्या महिन्यातल्या सुनेची बाज टाकलेली होती. माया होती हो त्यात. उन्हाळ्यात घरातली सगळ्यात थंड जागा त्यांनी सुनेला दिली होती. मी पिंपात पळी घातली आणि वळवळणाऱ्या अळ्या काकूंना दाखवल्या. त्या दिवशी मी पाणी ओता म्हणालो नाही. फडक्यानं गाळून दुसऱ्या पिंपात घ्या, रिकाम्या पिंपाची आतली बाजू काथ्यानं खरवडून काढा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात, आणि वरून धोतराचं फडकं सुतळीनं ताणून बांधा, एवढंच सांगितलं. पाण्याचा थेंब वाया जात नाही म्हटल्यावर काकू खूश झाल्या. सुनेची बाज पुढच्या खोलीत आली आणि मला चहा मिळाला.

लोह्याकडची गंमत वेगळी. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आली की आया तिला डोळ्यात तेल घालून जपतात. एका आईनं तर लेकीसाठी नवी कोरी मच्छरदाणी आणली होती आणि दिवेलागणीच्या आत पोरीला तिच्यात कोंडायची. दिवसभर मात्र पोरगी रांजणाशेजारी, लिंबाच्या सावलीत. डेंग्यूचा डास दिवसाढवळ्या चावतो हे मी सांगितलं तर आई म्हणाली, भर दुपारी मच्छरदाणीत घातली तर लोक विचारतील पोरीला झालंय तरी काय. शेवटी आम्ही लिंबाखालीच बाजेवर मच्छरदाणी बांधली. पहिले काही दिवस गल्लीतली पोरंसोरं तंबूतला खेळ बघायला यावं तशी भोवती गोळा व्हायची. पोरगीही मोठी खमकी. आत बसून शेंगा सोलायची आणि टरफलं जाळीखालून पोरांना फेकून मारायची.

पण पाणी, पिंप, मच्छरदाणी हे सगळं परवडलं. अवघड होतं ते वेगळंच. घरात कोण गरोदर आहे, हे मी पुरुष माणसानं विचारायचं कसं?

आमच्याकडं पहिले तीन महिने ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात, शेजारणीलाही चाहूल न लागू देता ओटी भरतात. तिला नावच चोरओटी. जिथं नणंदेला पत्ता नसतो तिथं मलेरियामामाला कोण सांगणार? सुरुवातीला मी आडून विचारून बघितलं. "घरात काही आनंदाची बातमी?" असं एका शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "हाव, म्हैस व्याली," आणि मला वाटीभर खरवस दिला. खरवस उत्तम होता, पण माझं काम झालं नाही.

आणि विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मलेरियाची एक जात अशी आहे, की पांढऱ्या गोळ्यांनी ताप उतरतो, रक्त साफ होतं, पण जंतू लिव्हरमध्ये दडी मारून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. तिथून त्याला उपटायला पांढऱ्या गोळ्यांच्या जोडीला आणखी एक गोळी दोन आठवडे द्यावी लागते. ही दुसरी गोळी गरोदर बाईला अजिबात चालत नाही. पोटातल्या बाळाच्या रक्ताला ती बाधू शकते. म्हणजे घरच्यांनी गुपित जपलं आणि मी नियमानं औषध दिलं, तर दोघांच्या प्रामाणिकपणात मूल जायचं.

यावर मी एक युक्ती काढली. अशा घरात मी दोन पुड्या ठेवायचो. साध्या पुडीत फक्त पांढऱ्या गोळ्या. दुसऱ्या पुडीवर लाल शाईची फुली आणि तिच्यात दोन्ही गोळ्या. मग घरातल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं ठेवून सांगायचो, "मी कुणाला काही विचारत नाही. दिवस गेलेल्या बाईला फुलीची पुडी चालत नाही, बाळाला धोका असतो. तसं असेल तर फुलीची मला परत द्या. तसं नसेल तर साधी परत द्या. मी तोवर बाहेरचं पाणी बघून येतो." आणि पळी घेऊन अंगणात निघून जायचो. परत येईपर्यंत एक पुडी ओट्यावर माझी वाट बघत असायची. कुणी काही बोललेलं नाही, कुणी काही विचारलेलं नाही, आणि मला कळायचं ते कळलेलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी आधी डोळे वटारले, मग म्हणाल्या, चालेल, पण जिला औषध द्यायचं तिच्या कानावर हे पडलंच पाहिजे.

युक्ती चांगली चालली. एका घरात तर सासूनं साधी पुडी परत केली आणि मी चपला घालत होतो, तेवढ्यात सुनेचा हात दारामागून आला, साधी उचलून घेऊन गेला आणि फुलीची ठेवून गेला. सासूलाही बातमी तेव्हाच कळली. त्या माउलीच्या चेहऱ्यावरचं ते हसू बघायला मिळालं, म्हणून मी त्या दिवशी स्वतःवर बेहद्द खूश होतो. आपल्याला आता सगळं जमतं, असं वाटायला लागलं की कुठंतरी अव्वा भेटतेच.

अव्वा म्हणजे देवणीच्या अलीकडच्या एका गावातली, गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान असलेल्या घरातली कर्ती बाई. तिकडं आईला, आजीला, वयानं मोठ्या कुठल्याही बाईला अव्वाच म्हणतात, पण त्या गावात नुसतं अव्वा म्हटलं की हीच. घरी शेती, दारात पांढरी-काळी देवणी गाय, आणि सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय अव्वाच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. बोलणं दगडावर दगड आपटावा तसं. अंगणात तिचं एक पपईचं झाड होतं. त्याची पपई कुणाला दिलेली गावात कुणी बघितली नव्हती. राघूनं चोच मारली तर ती राघूशी भांडायची.

तिचा मुलगा मल्लिकार्जुन दुकान बघायचा. सून भाग्यश्री. ती पनवेलला भावाकडं बारशाला गेली होती. भाऊ तिथं बिल्डिंगच्या कामावर मुकादम, राहायला त्याच कामाच्या जागी. अशा जागी पाण्याची डबकी आणि डास काही कमी नसतात. परत आली आणि एक दिवसाआड हिव भरून यायला लागलं. मी रक्त घेतलं, तपासणीत मलेरिया निघाला, तोही दडी मारणाऱ्या जातीचा. मी दोन पुड्या बांधून अव्वाच्या दारात हजर झालो.

अव्वा ओट्यावर तूर निवडत होती. भाग्यश्री आतल्या खोलीत, अंगावर दोन गोधड्या, आणि तरी बाज वाजत होती. मी कॅलेंडरकडं बघत माझं भाषण म्हटलं. हुडहुडीतल्या पोरीला ते ऐकू गेलं का, याचा विचार मी केला, पण अव्वानं "समजलं, समजलं" म्हणून मला पुढं बोलू दिलं नाही. मी मागच्या हौदावर गेलो. हौद अळ्यांनी भरलेला. परत आलो तर ओट्यावर साधी पुडी. म्हणजे सुनेला दिवस गेलेले नाहीत. आणि पुडीच्या शेजारी, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, बशीत पपईच्या फोडी. मी निघालो तर अव्वानं आणखी एक अख्खी पपई पिशवीत घातली. इतक्या वर्षांच्या सेवेचं चीज झालं, असं मला वाटलं. पपई गोडही होती.

तिथून मी उपकेंद्रात गेलो. तिथं सुरेखा बसलेली होती. सुरेखा म्हणजे गावची आशाताई. घरोघर जाऊन गरोदर बायकांची नावं नोंदवायची, त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या द्यायच्या, दवाखान्यात न्यायचं, हे तिचं काम. तिचं आणि भाग्यश्रीचं माहेर एकच, निलंग्याकडचं. लहानपणापासूनच्या मैत्रिणी. पण वर्षभर सुरेखाला अव्वाच्या उंबऱ्यावर पाय ठेवायची बंदी होती. गेल्या वर्षी भाग्यश्रीला दिवस गेले, ते तिनं मैत्रीण म्हणून सुरेखाला सांगितलं, सुरेखानं कामाच्या शिरस्त्याप्रमाणं नाव नोंदवलं, आणि पुढं काही दिवसांतच पोट पडलं. अव्वानं भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत सुरेखाला बोल लावला. हिचीच दृष्ट लागली, हिनं नाव घातलं अन् माझं नातवंड गेलं. तेव्हापासून सुरेखा त्या गल्लीत खाली मान घालून चालायची. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण आणखी काही घरांनीही तिला दिवस सांगणं बंद केलं. गरोदर बायका पाचव्या-सहाव्या महिन्यात, पोट दिसायला लागल्यावर तिच्यापर्यंत यायच्या. सुरेखा अशी हसरी बाई, पण त्या वर्षात तिचं हसणं आटलं होतं.

मी ऐटीत पपई टेबलावर ठेवली आणि म्हणालो, कापा, अव्वानं दिलीय. सुरेखा पपईकडं बघतच राहिली.

"अव्वानं? तुमाला?"

"मला. काय करायचंय, वजनच तेवढं आहे आपलं."

"मामा, वजन राहू द्या. काल माझ्या शेजारणीकडं बी आली. सगळ्या गल्लीला वाटून ऱ्हायली ती. झाडावर एक बी ठिवली न्हाई. कवळ्या बी तोडल्यात."

मराठवाड्यात कुठल्याही घरात पोटुशी असलेल्या बाईच्या समोर पपई ठेवत नाहीत. पिकल्या पपईनं काही होत नसतं हे सांगून सांगून आमच्या डॉक्टर मॅडम थकल्या, पण ती समजूत गेलेली नाही, आणि त्या दिवशी मी त्या समजुतीला हात जोडले. ज्या बाईनं राघूला चोच मारू दिली नाही तिनं झाड ओरबाडून मोकळं केलं होतं. घरातल्या कुणाच्या तरी हाताला चुकून पपई लागू नये म्हणून.

सुरेखाचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "मामा, फुलीची पुडी आत हाय की मग." मी पुढचं ऐकायला थांबलो नाही.

मोटारसायकल अव्वाच्या दारात थांबवली, पण ती स्टँडवर लावायचं भान नव्हतं, आडवी पडली ती पडलीच. आत मल्लिकार्जुन जेवणासाठी दुकानातून आला होता. मोठा सरळ आणि सांगेल ते करणारा माणूस. पांढऱ्या गोळ्या त्यानं बायकोला देऊन झाल्या होत्या. आता फुलीच्या पुडीतली दुसरी गोळी त्याच्या तळहातावर होती आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. भाग्यश्री उठून बसली होती आणि हात पुढं करत होती. फुलीचा अर्थ दोघांनाही ठाऊक नव्हता.

"थांबा," मी म्हणालो. "ती गोळी देऊ नका."

दोघांनी चमकून माझ्याकडं बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात अव्वा उभी. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता. म्हणजे गोळी तळहातापर्यंत पोचलीय हे तिलाही तेव्हाच कळत होतं. मी म्हणालो, माझ्याकडून पुड्यांची अदलाबदल झाली, यांच्यासाठी साधी पुडी आहे, चूक माझी. मल्लिकार्जुननं गोळी माझ्या हातावर ठेवली. मी ती पुडीत घातली आणि पुडी खिशात टाकली. काही झालेलं नव्हतं. पण आणखी एक घोट पाणी, एवढंच अंतर होतं.

अव्वा मला मागं हौदाकडं घेऊन गेली. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

मी विचारलं, "अव्वा, साधी पुडी ठेवून घ्यायची होती. परत का दिलीत?"

"फुलीची परत दिली असती तर तुमाला कळलंच असतं की," अव्वा म्हणाली. "फुलीची म्या नालीत टाकणार व्हते. भाकरी थापायला बसले, तवर मल्लूला घावली."

माझ्या युक्तीला तिनं बरोबर तिच्याच दोरीनं बांधलं होतं. न बोलता सांगणंसुद्धा तिच्या लेखी सांगणंच होतं. मला राग आला होता, पण हसूही येत होतं.

"आणि तिच्या तापाचं काय करणार होतात?"

"ताप येतो अन् जातो. मागल्या खेपी बी गेलाच व्हता की."

मी हौदाच्या कठड्यावर बसलोच. "मागच्या वेळीही ताप होता?"

"हाव. असंच, एक दिसाआड. हिव भरायचं. भावाच्या लग्नाला पनवेलला जाऊन आली व्हती. एका डॉक्टरनं सुई दिली, उतरला. कुनाला सांगितलं न्हाई. दिवस गेलेल्या बाईला हिव भरतं म्हणलं की लोक कायबी बोलत्यात."

मी अव्वाला सगळं समजावून सांगितलं. तेव्हा रक्त तपासलं नव्हतं, त्यामुळं मागच्या वेळी मलेरियाच होता असं मी देवाची शपथ घेऊन सांगणार नाही, हेही सांगितलं. पण लक्षणं तीच, जागा तीच, आणि हा ताप अंगात दडून बसतो, परत येतो, वारेत शिरतो. तापानं पोट पडू शकतं. मैत्रिणीला सांगितल्यानं, कागदावर नाव घातल्यानं पडत नाही. उलट सुरेखाला ताप कळला असता तर तिनं त्याच दिवशी मला बोलावून रक्त घ्यायला लावलं असतं. आत्तासुद्धा मी परत आलो तो तिच्यामुळं, हे मी मुद्दाम सांगितलं.

अव्वानं हौदाचा कठडा धरला. मग म्हणाली, "म्हंजे सुरेखाला म्या उगंच..." पदर डोळ्याला लावलेली अव्वा मी पहिल्यांदाच बघत होतो. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, सुरेखाला निरोप देईल. पण ती एकदम माझ्यावरच खेकसली, की हौदात किडे वळवळून ऱ्हायलेत तर नुसते बसलात काय, औषध टाका.

दुसऱ्या दिवशी मल्लिकार्जुन बायकोला डॉक्टर मॅडमकडं घेऊन गेला. पांढऱ्या गोळ्या पूर्ण झाल्या, ताप गेला. जंतूनं पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून मॅडमनी बाळंतपणापर्यंत आठवड्याच्या आठवड्याला पांढऱ्या गोळ्या लावून दिल्या. रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या, रात्रीच नाही तर दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी बांधली गेली. वाचकांच्या जिवाला घोर नको म्हणून आत्ताच सांगून टाकतो, पुढं दिवस पूर्ण भरून भाग्यश्रीला मुलगी झाली, वजनाला चांगली, आणि आवाज आजीचा.

पण माझ्या मनात राहिलं आहे ते त्याच्या आधीचं. पुड्यांचा प्रकार होऊन थोडे दिवस झाले होते. सुरेखाबद्दल अव्वानं अजून चकार शब्द काढला नव्हता. मी सुरेखाला विचारलं, तर ती म्हणाली, जाऊ द्या मामा, भाग्याचं नीट झालं ना, झालं मग. पण असं म्हणताना ती दुसरीकडं बघत होती.

त्या दिवशी मी अव्वाच्या हौदात सोडायला पिशवीतून गप्पी मासे घेऊन गेलो होतो. हे मासे अळ्या खातात, औषधाची गरज राहत नाही. घरात मला वेगळीच लगबग दिसली. भाग्यश्री नवी हिरवी साडी नेसलेली, केसात गजरा, पाटाभोवती रांगोळी, सुपात खण, नारळ आणि तांदूळ. बाहेरची एकही बाई नाही. मी ओळखलं, चोरओटी. पुरुषानं तिथं थांबायचं नसतं, म्हणून मासे सोडून मी पुढच्या दारानं निघालो, तर अव्वाही माझ्यामागून ओट्यावर आली.

सुरेखा नेमकी गल्लीतून चालली होती. नेहमीसारखी समोरच्या कडेनं, खांद्याला पिशवी, मान खाली. दुपारची वेळ, बायका आपापल्या दारात शेंगा फोडत, गोधड्या शिवत बसलेल्या.

अव्वानं तिला हाक मारली. तिचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. गल्लीच्या त्या टोकाची गाय मान वळवून बघायला लागली.

"ए सुरेखा. भाग्याला तिसरा सरत आलाय. आज वटी भरायचीय तिची. तुझ्या हातानं भरायचीय, ये."

एकेक हात थांबत गेला. आजवर जी गोष्ट अव्वानं पपईच्या झाडापासूनसुद्धा लपवायची बाकी ठेवली नव्हती, ती तिनं आख्ख्या गल्लीला ऐकवली होती. सुरेखा रस्त्यात उभी राहिली. मग ती दोन पावलं जवळ आली आणि अगदी हलक्या आवाजात, अव्वाचंच गुपित सांभाळावं तशी म्हणाली, "अव्वा, हळू बोला की. लोक ऐकून ऱ्हायलेत."

"ऐकू दे," अव्वा म्हणाली. "तुला बोलले ते बी त्येंच्यासमोरच बोलले व्हते."

सुरेखानं पदरानं तोंड पुसलं, उंबऱ्याशी चपला काढल्या आणि ती आत गेली.